सांबरा, दाबोळी आणि मधला घाट

आमच्या कॉलेजात दरवर्षी निबंध स्पर्धा असते. मराठी विभागाची वेगळी, कन्नड विभागाची वेगळी. यंदा विषय दोन्हीकडे सारखाच ठेवला होता, जिल्ह्याचा विकास. कन्नड विभागातले माझे सहकारी आणि मी चहा घेत गठ्ठे तपासायला बसलो, तेव्हा लक्षात आले की निम्म्याहून अधिक मुलांनी एकच वाक्य लिहिले आहे. मराठीतल्या मुलांनी 'बेळगावला आंतरराष्ट्रीय विमानतळ झालाच पाहिजे' असे, तर कन्नडमधल्यांनी तेच 'अंतरराष्ट्रीय विमान निल्दाण' असे. सहकारी हसून म्हणाले, "सर, चला, एका गोष्टीवर तरी एकमत झालं."

मागणीत वावगे काही नाही. पण 'आंतरराष्ट्रीय' म्हणजे नेमके काय, हे एकाही मुलाने लिहिले नव्हते. आणि आपल्या भागाला सर्वांत जवळचा जो आंतरराष्ट्रीय विमानतळ आजवर होता, त्या गोव्याच्या दाबोळीच्या इतिहासाचे एक मोठे पान आपल्या सांबऱ्यात लिहिले गेले आहे, हेही कुणाला ठाऊक नव्हते. मुलांना काय दोष द्यायचा? पाठ्यपुस्तक महाराष्ट्राचे असो की कर्नाटकाचे, त्यात हे नाही. म्हणून आज या सदरात थोडा इतिहासाचा तास.

नकाशा समोर घ्या. घाटाच्या वर आणि खाली मिळून तीन जुने विमानतळ दिसतील. कोल्हापूरचे उजळाईवाडी १९३९ चे. ते कोल्हापूर संस्थानाने, छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात उभारले. बेळगावजवळचे सांबरा १९४२ चे, इंग्रजांच्या हवाई दलाचे. दुसरे महायुद्ध ऐन भरात होते आणि ब्रह्मदेशाच्या आघाडीसाठी जागोजागी धावपट्ट्या पडत होत्या. आणि दाबोळी १९५५ चे, पोर्तुगीजांचे. सोळा वर्षांत, एका दिवसाच्या प्रवासाच्या टापूत, तीन वेगळ्या राजवटींनी तीन विमानतळ बांधले. संस्थानाला मान हवा होता, इंग्रजांना युद्ध जिंकायचे होते. पोर्तुगीजांचे कारण सर्वांत चमत्कारिक होते. त्यांना भारताला वळसा घालून जायचे होते.

हे नीट समजून घेण्यासारखे आहे. १९४७ नंतर पोर्तुगालने गोवा सोडायला नकार दिला. १९५४ मध्ये दादरा आणि नगरहवेली मुक्त झाले आणि संबंध आणखी ताणले. १९५५ च्या सत्याग्रहात सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्या सत्याग्रहींच्या कितीतरी तुकड्या बेळगावहून, खानापूरहून, सावंतवाडीकडून निघाल्या होत्या. त्यानंतर भारताने गोव्याची नाकेबंदी पक्की केली. कॅसलरॉकहून दूधसागराच्या बाजूने कुळ्याला उतरणारी आगगाडी थांबली. घाटावरून उतरणारा माल अडला. आपल्याकडच्या भाजीपाल्यावर आणि धान्यावर जगणाऱ्या गोव्यात मग हॉलंडहून बटाटे आले, सिलोनहून चहा आला, जपानहून सिमेंट आले. बेळगावच्या मातीत उत्तम बटाटा पिकतो, आणि तीस-चाळीस कोसांवरचा गोवेकर मात्र युरोपातून जहाजाने आलेला बटाटा सोलत बसला होता! राजकारण स्वयंपाकघरापर्यंत कसे पोहोचते, याचे यापेक्षा चांगले उदाहरण मला वर्गात अजून सापडलेले नाही.

माल जहाजाने येई. पण माणसांचे आणि टपालाचे काय? मुंबईमार्गे जायची वाट बंद. म्हणून मुरगावच्या पठारावर, वास्कोजवळ, दाबोळीची धावपट्टी तयार झाली. पोर्तुगीज गव्हर्नर जनरल बेनार्द गेदिश यांचे नाव विमानतळाला दिले गेले. 'ताइप' या आद्याक्षरांनी ओळखली जाणारी पोर्तुगीज हिंदुस्थानची स्वतंत्र विमान कंपनी निघाली. दमण आणि दीवलाही धावपट्ट्या झाल्या आणि ताइपची विमाने गोवा, दमण, दीव, कराची अशी फिरू लागली. पुढे लिस्बनपर्यंत जाऊ लागली. म्हणजे दाबोळी हा जन्मापासूनच आंतरराष्ट्रीय विमानतळ होता. तिथून उडालेले विमान परदेशात जाई, भारतात मात्र उतरत नसे. पणजीहून बेळगावला यायला घाट चढण्याची परवानगी नाही, पण कराचीला जायला विमान आहे, अशी सहा-एक वर्षे गेली. ज्यांच्या लेकी गोव्यात दिल्या होत्या, ज्यांची कुलदैवते मंगेशी-म्हाळशीला होती, त्या आपल्याकडच्या घरांनी ही वर्षे कशी काढली, हे घरातल्या जुन्या माणसांना विचारून ठेवावे. सांगणारी माणसे आता थोडीच उरली आहेत.

मग १९६१ चा डिसेंबर उजाडला. 'ऑपरेशन विजय'साठी सैन्य बेळगावात जमू लागले. गोव्याच्या मोहिमेतील हवाई दलाची सूत्रे एअर व्हाइस मार्शल एर्लिक पिंटो यांच्याकडे होती आणि त्यांचे मुख्य तळ दोन होते, पुणे आणि सांबरा. माझे वडील तेव्हा शाळेत होते. शाळेत कुणाचेच लक्ष नसे, असे ते सांगत. विमानाचा आवाज आला की मास्तरांसकट सगळे पटांगणात. मराठी शाळेतली पोरे 'विमान, विमान' ओरडत, शेजारच्या कन्नड शाळेतलीही तेच ओरडत. हा शब्द दोन्हीकडे एकच असल्याने भाषांतराची गरज पडली नाही.

१८ डिसेंबरला सकाळी पुण्याकडून आलेल्या कॅनबेरा बॉम्बफेकी विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर हल्ला चढवला. पहिल्या तुकडीचे नेतृत्व विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्याकडे होते. एकट्या त्या तुकडीने टाकलेल्या बॉम्बचे वजन ६३,००० पौंड, म्हणजे सुमारे २८ टन भरते. त्याच सकाळी सांबऱ्याहून उडालेल्या सहा हंटर विमानांनी बांबोळीचे बिनतारी संदेश केंद्र रॉकेट आणि तोफांचा मारा करून बंद पाडले. गोव्याचा बाहेरच्या जगाशी असलेला संपर्क त्यामुळे तुटला.

बांबोळी हे नाव वाचून तुमच्यापैकी अनेकांच्या डोळ्यांसमोर वेगळेच चित्र आले असेल. गोवा मेडिकल कॉलेजचे मोठे इस्पितळ आता तिथे आहे. सिंधुदुर्गातून, कारवारकडून, आपल्या खानापूर-बेळगावकडून किती रुग्ण त्या वाटेने गेले असतील त्याला गणती नाही. १९६१ मध्ये इथून तिथे रॉकेटे गेली, त्यानंतर रुग्णवाहिका. असो.

हल्ल्यातली एक आज्ञा मला फार महत्त्वाची वाटते. वैमानिकांना बजावले होते की धावपट्टी निकामी करा, पण विमानतळाच्या इमारतीला आणि बाकीच्या सोयींना धक्का लावू नका. आज शत्रूचा असलेला विमानतळ उद्या आपल्याला लागणार आहे, हा हिशेब त्यामागे उघड आहे. इमारत राहिली. धावपट्टीजवळ उभी असलेली दोन पोर्तुगीज प्रवासी विमानेही वाचली. पोर्तुगीजांनी रात्रीत खड्डे बुजवून धावपट्टीचा एक तुकडा कसाबसा वापरण्याजोगा केला आणि अंधारात, अधिकाऱ्यांची कुटुंबे घेऊन, ती दोन्ही विमाने कराचीकडे निघून गेली. पहिल्या विमानाला उड्डाणासाठी जेमतेम ७०० मीटर धावपट्टी मिळाली होती म्हणतात. १९ डिसेंबरच्या रात्री गव्हर्नर व्हासाल्यू इ सिल्व्हा यांनी शरणागती पत्करली.

आता गंमत पाहा. जो विमानतळ भारताला टाळण्यासाठी बांधला, तो भारताच्या नौदलाकडे गेला. एप्रिल १९६२ मध्ये, लष्करी गव्हर्नर मेजर जनरल कँडेथ यांच्या कारकिर्दीत, दाबोळी नौदलाच्या ताब्यात आली. १९६४ मध्ये 'आयएनएस हंसा' हा तळ कोइंबतूरजवळच्या सुलूरहून तिथे हलला. प्रवासी विमाने पुढे आली ती पाहुणे म्हणून, यजमान नौदलच. सकाळी नौदलाच्या वैमानिकांचा सराव असल्याने आठवड्यातले पाच दिवस काही तास नागरी उड्डाणे बंद असत. त्यामुळे दाबोळीला दुपारी आणि रात्री विमानांची झुंबड आणि सकाळी शुकशुकाट, असा विचित्र दिनक्रम वर्षानुवर्षे चालला. नौदलाला दोष देता येत नाही, देशाचे संरक्षण आधी. गोव्यात नवा विमानतळ हवा, ही मागणी मात्र या अडचणीतूनच जोर धरत गेली.

दाबोळीला जगाच्या नकाशावर आणले ते जर्मनीच्या काँडोर कंपनीने. १९८७ मध्ये त्यांचे पहिले चार्टर विमान पर्यटक घेऊन उतरले. मग इंग्लंड आले, रशिया आला. आखाताकडे जाणाऱ्या नोकरदारांची ये-जा वेगळीच. त्यांच्यात गोवेकर होते तसे आपल्याकडचेही होते. आखातात कामाला गेलेले बेळगाव-खानापूरचे सुतार, वायरमन, ड्रायव्हर, परिचारिका यांपैकी अनेकांचा देशातला पहिला आणि शेवटचा पत्ता म्हणजे दाबोळीचे फाटक. त्यांना पोहोचवायला गेलेल्या ट्रॅक्समध्ये दहा-बारा माणसे, भाकरी-चटणीचा डबा आणि एक रडणारी आई असायची. बाई मराठी असेल तर 'जातो म्हणू नको, येतो म्हण' असे बजावायची, कन्नड असेल तर 'होगि बर्तीनि' म्हणायला लावायची. जाऊन येतो. दोन्ही भाषांत नुसते 'जातो' म्हणणे अशुभ.

मुलांच्या निबंधातला 'आंतरराष्ट्रीय' शब्द आता तपासू. विमानतळ आंतरराष्ट्रीय होतो तो मोठ्या इमारतीने होत नाही. तिथे पासपोर्ट तपासणारे इमिग्रेशनचे अधिकारी लागतात, सीमाशुल्क खात्याची माणसे लागतात, आरोग्य तपासणीची सोय लागते, आणि केंद्र सरकारची तशी अधिसूचना लागते. एवढे सगळे झाले तरी विमान कंपनीने यायला हवे, आणि कंपनी येते ती प्रवासी मोजून. दाबोळीला आधी प्रवासी होते, मग सोयी वाढल्या. आताची मोठी इमारत तर २०१३ च्या अखेरीस झाली. आपण मागणी करतो ती बहुधा उलट्या क्रमाने.

सांबऱ्याचा अनुभव याच बाबतीत बोलका आहे. उत्तर कर्नाटकातला हा सर्वांत जुना विमानतळ. बांधला तेव्हा गाव मुंबई इलाख्यात होते, १९५६ पासून म्हैसूर राज्यात, १९७३ पासून राज्याचे नाव कर्नाटक. धावपट्टी तीच. हवाई दलाची प्रशिक्षण शाळा तिथे आहेच. पण प्रवासी विमाने यायची, काही वर्षे चालायची, बंद पडायची. विस्तारासाठी शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या, १,८३० मीटरची धावपट्टी २,३०० मीटर झाली, आणि १४ सप्टेंबर २०१७ रोजी नव्या इमारतीचे उद्घाटन झाले. आणि २०१८ मध्ये, इमारतीचा रंग वाळतो न वाळतो तोच, इथून चालणारी विमाने हुबळीला हलली! शेजारच्या हुबळीला 'उडान' योजनेचे अनुदान मिळाले होते, बेळगावला तेव्हा ते नव्हते. कंपनीने सरळ हिशेब केला. २०१९ मध्ये उडानच्या तिसऱ्या फेरीत बेळगावचे नाव आले आणि पुन्हा गर्दी झाली. घोडावत समूहाच्या स्टार एअरची छोटी विमाने त्याच वर्षी सुरू झाली आणि बेळगावला कितीतरी शहरे थेट जोडली गेली. पण उडानचे अनुदान एका मार्गाला तीन वर्षांचेच असते. मुदत संपली की काही मार्ग गळतात, हेही आपण पाहिले. १० मार्च २०२४ रोजी आणखी एका नव्या इमारतीची पायाभरणी पंतप्रधानांच्या हस्ते दूरदृश्य प्रणालीने झाली. त्याच दिवशी कोल्हापूरच्या नव्या इमारतीचे उद्घाटनही झाले.

नावाचाही प्रश्न आला. डिसेंबर २०२३ मध्ये इथल्या सुवर्णसौधात भरलेल्या अधिवेशनात सांबऱ्याला कित्तूर राणी चन्नम्मांचे नाव देण्याची शिफारस करणारा ठराव झाला. राणी चन्नम्मा इंग्रजांशी लढल्या, आणि इंग्रजांनी बांधलेल्या धावपट्टीला त्यांचे नाव, यात इतिहासाचा शिक्षक म्हणून मला गोडीच वाटते. मला काळजी आहे ती नावाखालच्या वेळापत्रकाची.

कारण दरम्यान घाटाखाली चित्र पुरते बदलले आहे. पेडणे तालुक्यातल्या मोपाला केंद्राने तत्त्वतः मान्यता दिली २००० मध्ये. पायाभरणी नोव्हेंबर २०१६ ची. झाडतोड आणि पर्यावरणाचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, काही काळ काम थांबले. ११ डिसेंबर २०२२ रोजी उद्घाटन झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून विमाने सुरू झाली. नाव मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ, मनोहर पर्रीकरांवरून. धावपट्टी साडेतीन किलोमीटरची, नौदलाचे बंधन नाही, दिवसरात्र उघडा. २०२४ मध्ये कतार एअरवेजने दाबोळी सोडून मोपा गाठले. दाबोळी बंद होणार नाही असे सरकार सांगते, आणि दक्षिण गोव्यातल्या लोकांना त्यावर पूर्ण विश्वास ठेवणे जड जाते. सांबऱ्यातून हुबळीला गेलेली विमाने पाहिलेल्या बेळगावकरांना त्यांची धास्ती समजू शकते. वास्कोचा टॅक्सीवाला, सालसेतमधला छोटा हॉटेलवाला यांचे पोट त्या धावपट्टीवर आहे.

आपल्याला या सगळ्याचे काय? निपाणीकराने नकाशात बोट फिरवावे. त्याला उजळाईवाडी हाकेच्या अंतरावर, सांबरा त्याच्या जवळपास दुप्पट लांब. परदेशी जायचे तर संकेश्वर, गडहिंग्लज, आजरा, आंबोली करत बांद्याला उतरावे. बांद्याला लागूनच मोपा. म्हणजे कर्नाटकात निघायचे, महाराष्ट्रातून जायचे, गोव्यात विमान पकडायचे. बेळगावकराला जांबोटी-चोर्ल्याचा घाट मोपाला सोयीचा. खानापूर-लोंढ्याच्या माणसाला अनमोडचा घाट उतरून फोंड्याकडून दाबोळी बरी. तीन राज्यांतली प्राधिकरणे, योजना आणि ठराव बाजूला ठेवले, तर आपल्या घरांचा खरा विमानतळ ठरवतो तो घाट. आणि घाटाकडे मात्र कुणाचेच लक्ष नसते. चोर्ल्याच्या रस्त्यावर पावसाळ्यात खड्डे किती, दरड कधी पडते, अनमोडला अवजड वाहतूक कधी अडकते, यावर कुठल्या सभागृहात ठराव झाल्याचे ऐकिवात नाही. साडेतीन किलोमीटरच्या धावपट्टीपर्यंत पोहोचायला आधी घाट उतरायचा असतो, हे पंख असणाऱ्यांना कोण सांगणार!

माझ्यापुरते म्हणाल तर बेळगावला आंतरराष्ट्रीय पाटी लागण्याची मला घाई नाही. सांबऱ्याहून मुंबई, बेंगळुरू, दिल्ली, हैदराबादला रोज, वेळेवर, बारा महिने विमान मिळावे आणि तिन्ही घाट बारा महिने नीट चालावेत, एवढे झाले तरी आपल्या भागातल्या म्हाताऱ्या आईबापांचे अर्धे हाल वाचतील. मुले परदेशी, आईबाप टिळकवाडीत किंवा निपाणीत, हे आता घरोघरचे आहे. रात्री दोनच्या विमानासाठी संध्याकाळीच धुक्यातून घाट उतरणाऱ्या सत्तरीच्या जोडप्याला पाटीवर काय लिहिले आहे याच्याशी देणेघेणे नसते. निबंध तपासताना ज्या एका मुलीने 'आमच्या गावातून विमानतळाला जायला बस नाही' असे लिहिले होते, तिला मी पूर्ण गुण दिले. सहकाऱ्यांना ते जास्त वाटले. मला वाटले नाहीत.

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. परदेशातल्या मुलांनी आईबापांचे तिकीट काढताना 'गोवा' एवढेच पाहू नये. तिकिटावर जीओआय असेल तर ती दाबोळी, जीओएक्स असेल तर मोपा. मधले अंतर साठेक किलोमीटर, आणि पणजीच्या आसपास वाहने तुंबली तर दोन तासही पुरत नाहीत. चुकीच्या विमानतळावर जाऊन उभी राहिलेली बेळगावची दोन कुटुंबे माझ्या माहितीत आहेत. एक मराठी, एक कन्नड. ड्रायव्हर दोन्ही वेळा एकच होता म्हणे.